पाय काढले तरी पाणी काळेच होते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या शहरातील ग्राहक व आरोग्य मेळाव्याचा सचित्र वृत्तान्त वाचला. पायांवाटे शरीरातील विषद्रव्ये बाहेर काढणारे यंत्र, हातात धातूची नळी धरताच सर्व अवयवांचा अहवाल छापून देणारी संगणकीय तपासणी आणि शरीराचा तोल सुधारणारे चुंबकीय कडे या तिघांना मिळून त्यात पाऊण पान देण्यात आले असून, ‘आमच्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः अनुभव घ्या’ हे विक्रेत्यांचे आवाहन आपण मथळ्यातच घेतले आहे. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला याहून योग्य आवाहन कोणते वाटणार? म्हणून मी मेळाव्याला गेलो, रांगेत उभा राहिलो, पैसे भरून रीतसर पावत्या घेतल्या आणि विक्रेत्यांनी देऊ केलेला प्रत्येक अनुभव घेतला. फक्त प्रत्येक ठिकाणी, त्यांनी न सांगितलेली एक गोष्ट मी जास्तीची केली. त्याची हकीकत आपल्या वाचकांपुढे यावी यासाठी हे पत्र आहे. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे, परंतु पाऊण पानाला चार ओळींत उत्तर देता येत नाही.

पायांच्या यंत्राचा स्टॉल सर्वांत गजबजलेला होता. प्लास्टिकचा टब, त्यात घोट्यापर्यंत येईल एवढे कोमट पाणी, पाण्यात विक्रेत्याने स्वतःच्या हाताने टाकलेले चमचाभर मीठ आणि दोन पावलांच्या मध्ये ठेवलेली, तारेने एका पेटीला जोडलेली धातूची गुंडाळी, अशी ती मांडणी होती. पेटीचे बटण दाबले की थोड्याच वेळात गुंडाळीभोवती बुडबुडे येतात, पाणी आधी पिवळसर, मग नारिंगी, मग तपकिरी होते आणि अर्ध्या तासाने त्यावर काळपट कण आणि गढूळ फेस तरंगू लागतो. मागे रंगांचा तक्ता टांगलेला होता. नारिंगी रंग सांध्यांचा, तपकिरी यकृताचा व तंबाखूचा, गडद हिरवा पित्ताशयाचा, पिवळट हिरवा मूत्रपिंडांचा, आणि काळे कण म्हणजे शरीरातील जड धातू, असे त्यावर छापले होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे एक निवृत्त एसटी चालक आपल्या टबाकडे पाहून ‘बघा मास्तर, उभ्या जन्माची विडी निघाली’ असे मोठ्या समाधानाने म्हणाले, आणि त्यांच्या सूनबाईंनी त्या पाण्याचा फोटो तिथल्या तिथे नातेवाइकांना पाठवला. पाणी स्वच्छ होते, पाय बुडवले, पाणी घाण झाले. हे डोळ्यांनी पाहिल्यावर कोणाही शहाण्या माणसाचा विश्वास बसावा, अशीच त्या मांडणीची रचना आहे.

माझे पाणीही यथावकाश तपकिरी झाले. तेव्हा मी तेथील पर्यवेक्षकांना विनंती केली की, दुसरा टब घ्यावा, तेवढेच पाणी व तेवढेच मीठ घालावे आणि पाय न बुडवता यंत्र तेवढाच वेळ चालवावे. त्याचे पैसे मी देतो. यंत्र चालवणाऱ्या मुलीने ‘रिकामे चालवले तर मशीन खराब होते’ असे सांगितले. पर्यवेक्षकांचे उत्तर अधिक विद्वत्तापूर्ण होते. पाय नसताना पाण्याला रंग आला, तर तो टबात आधी बसून गेलेल्यांच्या ऊर्जेचा असतो, असे ते म्हणाले. टब नवाकोरा आणावा अशी दुरुस्ती मी सुचवली, तेव्हा मागे रांग वाढत असल्याची त्यांना आठवण झाली.

प्रयोग घरी करावा लागला. नवा प्लास्टिकचा टब, नळाचे पाणी, स्वयंपाकघरातले मीठ, दोन मोठे लोखंडी खिळे आणि स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी, एवढेच साहित्य लागते. (ज्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण यात हायड्रोजन व थोडा क्लोरीन सुटतो; पाण्यात हात घालू नये आणि घरातल्या विजेच्या प्लगच्या वाटेला तर मुळीच जाऊ नये.) टबात कोणाचेही पाय नव्हते. तरीही पाणी पिवळे झाले, नारिंगी झाले, मग तपकिरी झाले, आणि कण व फेसही जागच्या जागी आले. मेळाव्यातल्या तक्त्याचा फोटो समोर धरून निदान केले असता आमच्या टबाला आधी सांधेदुखी जडली होती आणि पुढे त्याचे यकृतही गेले होते.

यात गूढ काहीच नाही. मिठाच्या पाण्यातून वीजप्रवाह जाऊ लागला की धनाग्राच्या, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या खिळ्याच्या, लोखंडाचे आयन (विद्युतभारित कण) पाण्यात उतरतात, ऋणाग्रापाशी, म्हणजे दुसऱ्या खिळ्यापाशी, तयार होणाऱ्या हायड्रॉक्साइडशी त्यांचा संयोग होतो, आधी हिरवट फेरस हायड्रॉक्साइड आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे पुढे तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड बनते. सोप्या शब्दांत सांगायचे तर तो गंज आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी १८३० च्या दशकात मांडलेल्या विद्युत अपघटनाच्या नियमाने हिशेब केला तर, एक अँपिअर प्रवाह अर्धा तास सोडला असता साधारण अर्धा ग्रॅम लोखंड विरघळते आणि त्यापासून एक ग्रॅमच्या आसपास गंज होतो. टबभर पाणी भेसूर दिसायला तेवढा पुरतो. तक्त्यातले निरनिराळे अवयव म्हणजे निरनिराळ्या वेळी पाण्यात असलेला कमी-अधिक गंज. गुंडाळी झिजते म्हणून ती अधूनमधून बदलावी लागते, ही गोष्ट विक्रेते स्वतःच सांगतात. झिजलेले लोखंड कोठे जाते, हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही.

उरला प्रश्न पायांचा. पाणी गंजाने तपकिरी झाले तरी सोबत थोडेफार विषही पायांतून निघत असेल, असे कोणी म्हणेल. तेही मोजून झालेले आहे. कॅनडातील निसर्गोपचार महाविद्यालयाशी संबंधित संशोधकांनी असे एक यंत्र घेऊन, पाय बुडवण्यापूर्वीचे व नंतरचे पाणी तपासले, सहभागी व्यक्तींची लघवी व केसही तपासले, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात, पायांवाटे विषारी मूलद्रव्ये बाहेर पडत असल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही असे नमूद केले. हे संशोधक अशा उपचारांचे वैरी नव्हते, उलट त्याच परंपरेतले होते, म्हणून त्यांच्या प्रामाणिकपणाचे मला विशेष कौतुक वाटते. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पायाच्या तळव्यांकडे निसर्गाने हे खाते कधी सोपवलेलेच नाही.

पाण्याचा रंग बदलून ग्राहकाचे मत बदलण्याची ही युक्ती आपल्या वाचकांनी दुसऱ्या वेषात घरीही पाहिलेली असेल. पाण्याचे आरओ यंत्र विकायला येणारा तरुण दोन पेल्यांत लोखंड व ॲल्युमिनियमच्या कांड्या बुडवतो. आपल्या नळाच्या पाण्याचा चिखल होतो आणि त्याच्या यंत्राचे पाणी स्वच्छ राहते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे असतात, कारण इतकी वर्षे आपण हे प्यायलो, हा विचार त्यांच्या मनात आलेला असतो. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते आणि कांडी विरघळते. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात म्हणून वीज जवळजवळ वाहतच नाही. आमच्याकडे आलेल्या तरुणाच्या ‘शुद्ध’ पेल्यात मी त्याच्यासमोर चिमूटभर मीठ टाकले आणि कांड्या पुन्हा बुडवायला सांगितले. शुद्ध पाण्याचा अधिकच गडद चिखल झाला. तो तरुण मनापासून हसला, चहा घेतला आणि जाताना ‘सर, पुढच्या गल्लीत सांगू नका’ एवढेच म्हणाला. आरओ यंत्र निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. खाऱ्या बोअरच्या पाण्याला ते लागतेही. माझा आक्षेप कांड्यांच्या खेळावर आहे.

आणि यंत्र, वीज, बॅटरी यांतले काहीही नसताना हाच खेळ आपल्या खेड्यापाड्यांत किती तरी आधीपासून चालत आलेला आहे. काविळीचा रोगी ‘उतरवून घेण्यासाठी’ नेला जातो, उपचार करणारा माणूस त्याच्या हातांवर काही तरी चोळतो आणि चुन्याच्या निवळीने हात धुवायला लावतो. परातीत पिवळेधमक पाणी उतरते आणि कावीळ निघाली म्हणून नातेवाईक हात जोडतात. आंब्याच्या सालीचा रस हातांना आधीच लावलेला असला, तर चुन्याच्या निवळीत पिवळा रंग येतो. हे मी वर्गात निरोगी, खेळून घामाघूम झालेल्या मुलांच्या हातांवर करून दाखवीत असे, आणि मुलांना ते कुठल्याही धड्यापेक्षा जास्त आवडे. (हळद आणि चुना एकत्र केले की लाल रंग येतो, हे ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला चुन्याने पिवळा रंग येण्याचे एवढे नवल वाटावे, याचेच मला नवल वाटत आलेले आहे.) काविळीची माळही तशीच. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून केलेली ती माळ डोक्यावर घालतात, आणि जसजशी ती लांबून गळ्यात, छातीवर, पोटावर उतरते तसतशी कावीळ उतरते असे मानतात. काड्या वाळतात, बारीक होतात, फास सैल होऊन दोरा सुटत जातो आणि माळ वाढते. अशी एक माळ मी प्रयोगशाळेतल्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवली होती. खिळ्याला कावीळ नव्हती, तरी माळ आपल्या गतीने खाली आली.

हा विषय विनोदावर सोडून देता येत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे परातीचे आणि माळेचे यशही बहुतेक वेळा ठरलेलेच असते. परंतु पित्तनलिकेत खडा अडकल्याने, ‘ब’ प्रकारच्या विषाणूने किंवा लेप्टोस्पायरोसिसने होणारी कावीळ परातीला ओळखता येत नाही. ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाली, तर मृत्यूचे प्रमाण वीस ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अशा बाईला पहिले चार-पाच दिवस परातीपुढे बसवले, तर तो वेळ तिला कोणी परत देऊ शकत नाही. ‘करून पाहायला काय हरकत आहे, नुकसान तर नाही ना’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मेळाव्यातले चुंबकीय कडे या मानाने निरुपद्रवी होते आणि ते विकणारा तरुणही गोड स्वभावाचा होता. त्याने मला एका पायावर उभे केले, हात बाजूला ताठ धरायला सांगितला आणि तो खाली दाबला, मी कोलमडलो. मग मनगटात कडे घातले, पुन्हा हात दाबला. मी ठाम उभा राहिलो. भोवतालच्या लोकांनी माना डोलावल्या. या प्रकारात दुसऱ्या वेळी माणूस सावध झालेला असतो हा एक भाग, आणि दाब शरीरापासून किंचित बाहेरच्या बाजूला दिला तर तोल जातो, किंचित आत दिला तर तोच दाब पायांतून जमिनीत उतरतो, हा दुसरा भाग. दाबाच्या दिशेतला हा फरक इतका थोडा असतो की तो दाबणाऱ्याच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. मी त्याला सुचवले की, माझ्यासोबत आलेले सहकारी पडद्याआड नाणे उडवतील, छापा पडला तर कडे आणि काटा पडला तर बागेतल्या रबरी नळीचा तेवढ्याच वजनाचा तुकडा रुमालात गुंडाळून माझ्या मनगटाला बांधतील, आणि आत काय आहे हे त्याला किंवा मला न सांगता त्याने हात दाबून ओळखावे. तो खिलाडूवृत्तीने तयार झाला, हे आवर्जून लिहितो. त्याची उत्तरे नाण्याइतकीच बरोबर आली. एकदा तर रबरी नळीच्या बळावर मी असा खंबीर उभा राहिलो की गर्दीतून टाळ्या पडल्या. ‘काका, तुमची श्रद्धाच कमी पडते,’ असे तो शेवटी म्हणाला. कड्याची ताकद चुंबकाची आहे की गिऱ्हाइकाच्या श्रद्धेची, हे पावतीवर लिहिलेले नव्हते, एवढेच मी त्याला सांगितले. याच जातीच्या एका जगप्रसिद्ध मनगटी पट्ट्याच्या कंपनीला २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात आपल्या दाव्यांना विश्वसनीय शास्त्रीय आधार नसल्याची जाहीर कबुली द्यावी लागली होती.

तो तरुण लबाड होता, असे मला क्षणभरही वाटले नाही, आणि येथे पुन्हा फॅरेडे यांचीच आठवण होते. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबलाभोवती बसून, त्यावर हात ठेवून, ते आपोआप फिरवण्याचे वेड पसरले होते. वीज, चुंबकत्व, मृतात्मे, अशी नाना कारणे सांगितली जात. फॅरेडे यांनी टेबल आणि हात यांच्यामध्ये, मऊ चिकट पदार्थाने जोडलेले पुठ्ठ्यांचे थर ठेवले. टेबल आधी सरकले असते तर खालचे पुठ्ठे पुढे गेले असते. प्रत्यक्षात वरचे पुठ्ठे पुढे गेलेले आढळले, म्हणजे हातच टेबलाला ढकलत होते. नंतर त्यांनी हाताची अगदी सूक्ष्म हालचालही दाखवणारा एक काटा बसवला, आणि तो काटा बसणाऱ्यांना दिसू लागताच टेबल फिरायचेच थांबले. बसणारी माणसे प्रतिष्ठित व प्रामाणिक होती आणि आपण ढकलत नाही अशी त्यांची खात्री होती, हे फॅरेडे यांनी स्पष्ट लिहिले. हे निष्कर्ष त्यांनी आधी कोठे जाहीर केले, तर लंडनच्या ‘टाइम्स’च्या संपादकांना पाठवलेल्या पत्रात; प्रयोगांचे सविस्तर वर्णन लगोलग ‘अथेनियम’ या नियतकालिकात आले. समाजाची मनोवस्था अशी ठेवणाऱ्या शिक्षणपद्धतीत काही तरी फार मोठी उणीव असली पाहिजे, असा शेराही त्यांनी ‘टाइम्स’च्या पत्रात मारला आहे, आणि शिक्षक म्हणून तो मला आजही झोंबतो.

ही रीत फॅरेडे यांच्याही आधीची आहे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’च्या, म्हणजे अदृश्य चुंबकशक्तीने रोग बरे करण्याच्या, उपचारांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए हे शास्त्रज्ञ होते. फ्रँकलिन यांच्या बागेतले एक झाड मेस्मर यांच्या शिष्याने भारून ठेवले, आणि त्या शक्तीचा परिणाम चटकन होतो म्हणून निवडलेल्या बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशी नेण्यात आले. तो भलत्याच झाडाखाली बेशुद्ध पडला. आणि ज्यांना हे सारे राजेरजवाड्यांचे व मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे काम वाटते त्यांच्यासाठी एमिली रोझा या अमेरिकन मुलीचे उदाहरण आहे. शरीराला हात न लावता रोग्याची ‘ऊर्जा’ तळहातांना जाणवते, असे म्हणणाऱ्या एकवीस उपचारकांना तिने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी पुठ्ठ्याच्या पडद्याआडून हात पुढे करायला लावले आणि आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर आहे, एवढेच विचारले. २८० प्रयत्नांपैकी ४४ टक्के उत्तरे बरोबर आली. नुसता अंदाज केला असता तरी निम्मी बरोबर आली असती. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा प्रयोग छापून आला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. खर्च जवळपास पुठ्ठ्याचाच.

धातूची नळी धरून होणाऱ्या संगणकीय तपासणीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिच्यात तेवढा रसही नाही. तपासणीपूर्वी नाव, वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष हे संगणकात भरून घेतात, मग नळी मुठीत धरायला देतात, आणि थोड्या वेळात यकृतापासून केसांच्या मुळांपर्यंतचा रंगीत अहवाल छापून येतो. मी एकदा माझी माहिती दिली, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या टेबलावर, पत्नीसाठी म्हणून तिचे वय व तिची माहिती भरून घेऊन, ‘तोवर तुम्हीच धरा’ असे चालकाने म्हटल्यावर तशीच नळी मीच धरली. त्या अहवालात माझ्या गर्भाशयाची व बीजांडकोशांची स्थिती किंचित असंतुलित आढळली आणि त्यावर एक चूर्णही सुचवण्यात आले. ते शेजारच्याच टेबलावर उपलब्ध होते. मी खुलासा केल्यावर चालक म्हणाले, ‘सर, चुकीची माहिती भरली की यंत्राची दिशाभूल होते.’ म्हणजे यंत्र मूठ वाचत नाही, कीबोर्ड वाचते, याला आता त्यांचीच साक्ष आहे.

या पत्रावर काय म्हटले जाईल, याची मला थोडी कल्पना आहे. कोमट पाण्यात अर्धा तास पाय सोडून बसल्यावर बरे वाटतेच, आणि एसटी चालकांना वाटलेले बरे हे खरेच बरे होते. माझी आई हेच घरच्या बादलीत, मिठासकट, फुकटात करायची. मोठ्या रुग्णालयांत अनावश्यक तपासण्या होतात आणि बिले पाहून माणूस हबकतो, हेही खरे आहे, आणि लोक मेळाव्यांकडे वळतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे, त्यांचा अडाणीपणा नव्हे. तेथे माणूस तुमच्यासमोर अर्धा तास बसतो, नाव विचारतो, ‘काका’ म्हणतो. पण डॉक्टर महाग आहे म्हणून गंज औषध ठरत नाही. आयुर्वेद व निसर्गोपचार यांच्या अभिमान्यांना तर माझी विशेष विनंती आहे की, आपल्या शास्त्राच्या नावाने हा टब चालू देऊ नये. लोखंडाच्या गुंडाळीचा आणि चरकसंहितेचा काहीही संबंध नाही.

कायद्याचे म्हणाल, तर महाराष्ट्राने २०१३ मध्ये केलेला जादूटोणाविरोधी कायदा या स्टॉलपर्यंत पोहोचत नाही, कारण तेथे भूत काढण्याचा किंवा दैवी शक्तीचा दावा कोणी करत नाही. सारा दावा आयन, क्वांटम आणि बायोएनर्जीचा असतो. मात्र केंद्राचा १९५४ चा औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम येथे लागू पडतो, असे माझे वाचन आहे. त्यात ‘औषध’ या संज्ञेत शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली वस्तूही येते. मधुमेह, कर्करोग, कमी-अधिक रक्तदाब यांसह कित्येक व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींना मनाई आहे. आणि ‘जाहिराती’त छापील पत्रकाबरोबर तोंडी घोषणाही धरलेली आहे. मेळाव्याच्या ध्वनिक्षेपकावरून ‘शुगरवाल्यांनी आवर्जून यावे, गोळ्या सुटतील’ असे दिवसभर पुकारले जात होते. या अधिनियमातील तरतुदीनुसार अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणत्याही प्रकारे भाग घेणाऱ्यावरही जबाबदारी येते, हे आपल्या जाहिरात विभागाच्या निदर्शनास आणून द्यावे, अशी मी नम्र सूचना करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिलेला आहे.

आपल्या त्या पाऊण पानाच्या तळाशी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा टायपात, ‘माहिती : आयोजकांकडून’ असे छापलेले आहे. ती जागा पैसे घेऊन दिलेली असेल, तर मथळ्याइतक्याच मोठ्या टायपात ‘जाहिरात’ हा शब्द वर छापावा. आणि ती बातमी असेल, तर बातमीदाराने निदान पाय टबाबाहेर काढून पाहावे. पुढचा मेळावा दिवाळीच्या आधी भरणार असल्याचे त्याच वृत्तान्तात म्हटले आहे. त्या वेळी आपण वार्ताहर पाठवणार असाल तर त्यांच्यासोबत येण्याची माझी तयारी आहे. छायाचित्रकारही असावा, आणि नवा टब व पावतीचे पैसे माझ्याकडून.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कराड